हेळव्याच्या वहीत माझं काय लिहिलं आहे

बाळांनो, एका वहीत माझ्याविषयी एक ओळ लिहिलेली आहे. ती खोटी नाही, त्यामुळे खोडता येत नाही. उद्या कधी तुम्ही ती वही ऐकायला बसलात, तर ती ओळ तुम्हाला परक्या माणसाच्या तोंडून कळेल. त्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून हे आत्ता लिहिते आहे. दुसरं कारण असं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला माझं अक्षर स्पष्ट दिसायला लागलं आहे आणि ते मी समजत होते तेवढं चांगलं नाही. अजून बिघडायच्या आत लिहून टाकलेलं बरं.

थोरलीला मराठी वाचता येत नाही आणि धाकट्याला येतं असं तो सांगतो. तेव्हा हे तुमचे बाबाच मोठ्यानं वाचतील. त्यांना सांगा, मधली पानं गाळायची नाहीत. त्यात त्यांचंही एक छोटं काम आहे. माणसांची नावं मी इथे मुद्दाम लिहिलेली नाहीत. ती सगळी निळ्या फायलीत आहेत, आणि निळी फाईल तिसऱ्या कप्प्यात आहे.

माझं घर तुम्हाला माहीत आहे. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा. तुमचे आजोबा म्हणायचे, "एक दिवस ही मलाही चिठ्ठी लावणार." मी इंग्रजीची एम.ए., एकतीस वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि नीट फाईल केली की जगातली कुठलीही गोष्ट समजते असा माझा विश्वास होता. आजोबा गेल्यावर दीड वर्षानं मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं, तेही यादी करून.

स्वेटरांच्या खाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात जुनी रेशनकार्डं, बंद पडलेलं घड्याळ आणि चौघडी घातलेला एक कागद होता. कागदावर आजोबांच्या अक्षरात वर लिहिलं होतं, 'हेळवी आल्यावर विचारायचे', आणि खाली सात प्रश्न. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या.

हेळवी म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला हवं. आपलं गाव मांजरा नदीच्या काठी, कानडी मुलखाला लागून. तिकडच्या शेतकरी घरांच्या वंशावळी हेळवी लोक सांभाळतात. पूर्वी ते बैलावर बसून गावोगाव फिरत. दर काही वर्षांनी दारात यायचे, वही उघडून तुमच्या पूर्वजांची नावं चालीवर वाचायची, मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते विचारून वहीत चढवायचं, आणि धान्य नाहीतर घोंगडी घेऊन पुढच्या घरी जायचं, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. ज्याचं घर वहीत आहे त्याचा वंश चालू. ज्याचं नाही त्याचं हेळव्याच्या लेखी संपलं.

आजोबांचे सहा प्रश्न त्यांच्या पणजोबांविषयी होते. आपल्या गावात आपल्या घराण्यातला पहिला माणूस तोच. तो कुठून आला, का आला, एकटा आला की बायकोला घेऊन, आपल्या घराला गावात 'एकशिंग्याचं घर' का म्हणतात, अशा तऱ्हेचे ते प्रश्न. सातवा प्रश्न वेगळा होता: 'माझ्यानंतर मुलाचं नाव चढवायचं राहिलं आहे. आता चढवता येईल का?'

कागद वाचून मी पलंगावर बसले. आजोबा चाळीसहून जास्त वर्षं त्या हेळव्याची वाट बघत होते, आणि तो का येत नाही हे या घरात एकट्या मला माहीत होतं.

ते पुढे सांगते. आधी मी काय केलं ते ऐका, कारण ते माझ्या स्वभावाला धरून आहे. मी गुन्हा कबूल करायच्या ऐवजी फाईल उघडली.

माझा हिशेब असा होता, की हेळव्यावाचूनही या प्रश्नांची उत्तरं मिळतील. आपलं गाव जुन्या हैदराबाद संस्थानातलं. संस्थानच्या काळचे जमिनीचे कागद इथेच, हैदराबादच्या सरकारी दफ्तरात ठेवलेले आहेत. गावाकडची माणसं रात्रभर प्रवास करून ते शोधायला येतात, आणि मला तर ऑटोनं पाऊण तास. मी निळी फाईल विकत आणली, तिला सात रंगांच्या सात पट्ट्या लावल्या, भिंग घेतलं आणि डब्यात उपमा. अडचण एवढीच की कागद उर्दूत होते, तेही घाईघाईनं वळवलेल्या जुन्या उर्दूत. मला उर्दू येते ती भाजीवाल्याशी बोलण्यापुरती. पण मी दोन आठवडे बसून उर्दू आकडे पाठ केले होते आणि तेवढ्यावर मी स्वतःला तयार समजत होते.

तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं माझ्यासाठी आपल्या गावाचा कागद शोधला आणि पणजोबांच्या नावावर बोट ठेवलं. नावाशेजारचा आकडा मी स्वतः वाचला. एकशे सदतीस! त्याच संध्याकाळी मी तुमच्या बाबांना फोन केला, "अरे, आपली एकशे सदतीस एकर जमीन होती." बाबांनी तुम्हाला सांगितलं. धाकट्यानं वर्गात सांगितलं, आणि त्यात आपल्या पदरचे घोडेही घातले असं मला थोरलीकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कागदाची झेरॉक्स समोरच्या फ्लॅटमधल्या आपांना दाखवायला नेली. आपा निवृत्त उर्दू शिक्षिका. आमचा शेजार पंधरा वर्षांचा, आणि त्या मला भाभी म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला.

"भाभी, ये एकर नक्को समझो. ये तो खेत का नंबर है."

"मग एकर?"

"एकर बाजू में लिखे ना. तीन. ऊपर कुछ गुंटे."

"तीन?"

"हौ, तीन. मगर दिल छोटा नक्को करो," आपा म्हणाल्या, "इमली के झाड़ दो हैं. वो एकदम साफ लिखे."

तुमच्या बाबांना हे मी अजून कळवलेलं नव्हतं. आता कळलं. घोड्यांचं धाकट्यानं बघून घ्यावं.

तीन महिने मी त्या दफ्तराच्या फेऱ्या घातल्या. आपाही चार वेळा आल्या, प्रत्येक वेळी घरी परतताना "आज बहुत काम हुआ" असं म्हणून माझी समजूत घालायच्या. हाती काय आलं ते सांगते. तीन एकर आणि काही गुंठे जमीन, विहिरीत अर्धा हिस्सा, चिंचेची दोन झाडं. निळ्या फायलीच्या सात कप्प्यांपैकी सहा रिकामे आणि एकात चिंच. आजोबांनी चिंचा किती होत्या हे विचारलंच नव्हतं.

शेवटी गावी थोरल्या जाऊबाईंना फोन केला. त्यांना मी अक्का म्हणते. वय ब्याऐंशी, शिक्षण चौथी, आणि मला त्या लग्नापासून 'मास्तरीणबाई' म्हणतात. पहिली वीस वर्षं ते कौतुक आहे असं मी समजत होते.

"अक्का, हेळवी येतो का हो अजून गावात?"

"येतो की. आता बैल न्हाई, फटफटी हाय. का गं?"

"आपल्या घरची वंशावळ वाचतो?"

"माझ्या घरची वाचतो." अक्का म्हणाल्या. "तुमची बंद हाय."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हंजी बंद. भावजींच्या नावाखाली 'पुढे कुणी नाही' आसं लिवलंय. मी लई सांगून बघितलं. म्हन्लं, आरं बाबा, पोरगं हाय, सून हाय, परदेशात नातवंडं हायत. तर म्हनतो, जिथं बंद झाली तिथंच उघडंल."

"अक्का, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत ते?"

"कसं सांगू? जित्या मानसाला म्हनू का, तुजा वंश बुडालाय म्हनून? भावजी इचारायचे, अक्का, हेळवी आला हुता का. मी म्हनायची, औंदा न्हाई आला बाबा."

म्हणजे आजोबांना इकडे मी फसवत होते आणि तिकडे अक्का, आणि आम्हा दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. पण अक्कांनी ते मायेनं केलं होतं.

आता ती दुपार.

विद्यानगरातलं आपलं घर तेव्हा बैठं होतं, पुढे लोखंडी फाटक. कॉलेजात मी नवीन होते आणि त्या दिवशी आमच्या प्राचार्यबाई पहिल्यांदाच चहाला येणार होत्या. मी काकडीचे सँडविच केले होते, पावाच्या कडा कापून. टेबलक्लॉथला दोनदा इस्त्री केली होती. तुमचे बाबा तेव्हा तीन वर्षांचे. बाईंसमोर म्हणायला म्हणून मी त्यांच्याकडून एक इंग्रजी कविता घोटून घेतली होती आणि ते आत खुर्चीवर उभं राहून ती म्हणत होते. बाई चार वाजता येणार, आणि पावणेचारला फाटकाशी घंटा वाजली.

बाहेर एक बैल उभा होता. पाठीवर झूल, गळ्यात घंटा. त्याच्या शेजारी पागोट्यातला एक म्हातारा, काखेत लाल फडक्यात बांधलेली वही.

मी ओळखलं नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण लग्नाच्या पहिल्याच वर्षी आजोबांनी मला सगळं सांगून ठेवलं होतं. तो कधीही येईल, सांगून येत नाही, आला की त्याला सतरंजीवर बसव, पाणी दे आणि मला ऑफिसात फोन कर. मी बघताक्षणी ओळखलं. आणि माझ्या मनात एकच चित्र आलं: प्राचार्यबाई फाटकातून आत येताहेत आणि व्हरांड्यात हा म्हातारा आमच्या घराण्याची नावं मोठ्यानं गातो आहे.

त्यानं आजोबांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं, गावाचं घेतलं आणि विचारलं, "त्यांचं घर हेच का, अव्वा?"

मी म्हटलं, "नाही."

"ते इथं नांदतात का?"

"नाही राहत ते इथे."

"त्यांच्या घरातलं कुणी?"

"कुणी नाही."

हेळवी तीन वेळा विचारतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आतून तुमच्या बाबांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जात होता. म्हाताऱ्यानं खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फाटकाला हात लावून तो कपाळाला लावला आणि बैल वळवला. जाता जाता बैलानं माझ्या रांगोळीवर शेण टाकलं, अगदी मधोमध.

प्राचार्यबाई आल्याच नाहीत. साडेचारला शिपाई चिठ्ठी घेऊन आला, बाईंचं डोकं दुखतं आहे. ते सँडविच आम्ही दोन दिवस खाल्ले.

संध्याकाळी आजोबा आले. फाटकाशी वाकून बघत म्हणाले, "बैल आला होता का गं?"

"असेल कुणाचा तरी," मी म्हटलं.

त्यांनी फावड्यानं शेण उचललं आणि गुलाबाच्या मुळाशी घातलं. त्या वर्षी गुलाब फार चांगला फुलला आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

त्यानंतर दर वर्षी संक्रांत झाली की आजोबा म्हणायचे, "यंदा हेळवी येईल बघ." मी म्हणायची, "येईल." खोटं बोलायची मला सवय नव्हती, पण हे एकच वाक्य असल्यामुळे ते लवकर बसलं. त्याला द्यायला म्हणून आजोबांनी गावाकडून एक काळी घोंगडी आणून ठेवली होती. दर मार्चमध्ये ती ट्रंकेतून काढून उन्हात घालणं हे माझ्या कामांच्या यादीत होतं. ट्रंकेच्या त्या गाठोड्यावर चिठ्ठी होती, 'घोंगडी, हेळव्यासाठी'. अक्षर माझं. एवढ्या वर्षांत दोनदा मी ती चिठ्ठी जुनी झाली म्हणून नवी लिहिली. सांगायला मात्र एकदाही जमलं नाही. पहिल्या वर्षी लाज वाटली. दहाव्या वर्षी, इतकी वर्षं का सांगितलं नाही याची लाज वाटली. तिसाव्या वर्षी मला वाटायला लागलं की त्यांना आता आठवतही नसेल. त्यांनी तर कागद करून ठेवला होता.

अक्कांनी त्या हेळव्याचा नंबर मिळवला. मला वाटलं होतं मी गावी जाईन आणि ते उरकेल. त्यानं फोनवर सांगितलं, "तसं चालत नाही अव्वा. जिथं नाही म्हणालात तिथंच बसावं लागतं. आणि भाऊबंदातलं एक माणूस साक्षीला पाहिजे."

म्हणजे त्याला माहीत होतं. 'जिथं बंद झाली' असं न म्हणता तो 'जिथं नाही म्हणालात' म्हणाला होता. फोन ठेवल्यावर मी अर्धा तास डब्यांच्या चिठ्ठ्या सरळ करत होते.

आता ते फाटक कुठे आहे? घर पाडून बिल्डरनं तीन मजले चढवले त्याला सोळा वर्षं झाली. जिथं फाटक होतं तिथं आता पार्किंग आहे, नेमकं बोलायचं तर दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या गाडीची जागा. मी त्यांना एक नम्र पत्र लिहिलं की रविवारी सकाळी दहा ते एक गाडी हलवावी, कारण कौटुंबिक. त्यांनी न विचारता हलवली. बेगम बाजारातून दहा किलो ज्वारी आणली, नारळ आणले. अक्का ब्याऐंशीव्या वर्षी एकट्या रेल्वेनं नामपल्लीला उतरल्या, पिशवीत भाकरी आणि ठेचा, कारण माझ्या घरचं जेवण त्यांना आजाऱ्याचं वाटतं.

रविवारी आम्ही पार्किंगमध्ये सतरंजी घातली. वॉचमन विचारायला आला, "अम्मा, पूजा उंदा?" म्हणजे पूजा आहे का. मी म्हटलं, तसंच काहीतरी. आपाही खुर्ची घेऊन आल्या. हेळवी साडेदहाला मोटरसायकलवरून आला. चाळिशीचा माणूस, शर्ट-पँट, हेल्मेट. हँडलला बैलाची जुनी पितळी घंटा बांधलेली. तो त्या म्हाताऱ्याचा नातू. त्यानं लाल फडकं सोडलं, वहीला हात जोडले आणि वाचायला सुरुवात केली. बोलताना साधा माणूस, वाचायला लागला की त्याचा आवाजच बदलला, थोडी मराठी, थोडी कानडी, आणि सगळी नावं एका चालीत. मी आजोबांचा कागद मांडीवर घेऊन कोऱ्या ओळी भरायला लागले.

पणजोबा नदीच्या पलीकडच्या गावातून आले. साल दुष्काळाचं. थोरल्या भावाला न सांगता आले. बरोबर बायको, जात्याचा वरचा दगड आणि एकशिंगी बैल. खालचा दगड जड म्हणून तिथेच राहिला. बैल दोघा भावांचा सामाईक होता.

"म्हणजे बैल चोरला?" मी विचारलं.

"वहीत 'घेऊन गेला' आहे, अव्वा."

"चोरलाच की," अक्का म्हणाल्या. "नीट वाच."

भावाच्या गावात हेळवी गेला तेव्हा भावानं सांगितलं, गेला, ठाव नाही. हेळव्यानं लिहिलं, पुढे कुणी नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तोच हेळवी फिरत फिरत आपल्या गावात आला. चिंचेखाली एकशिंगी बैल बांधलेला त्यानं बघितला आणि ओळखला. शेजारी बसलेल्या माणसाला त्यानं विचारलं, अमक्याचा मुलगा तूच का? तो म्हणाला, नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तो म्हणाला, मला ठाऊक नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तो म्हणाला, इथं असा कुणी नाही. तेवढ्यात आत दळत बसलेली बायको ओरडली, "हाय की, त्योच हाय!"

हेळव्यानं बोटानं ओळ दाखवत वाचलं, "तीन बारी नाही म्हणाला. बायकोने सांगितले. उघडली."

अक्का हसायला लागल्या, मग आपांना मी हिंदीत सांगितल्यावर आपा, मग वॉचमनही, त्याला काय कळलं देव जाणे. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. इतकी वर्षं मी समजत होते की हा दोष माझ्या शिक्षणाचा. तो तर घराण्याचाच निघाला; सून म्हणून मी तो फक्त सांभाळला होता.

ते समाधान फार टिकलं नाही. हेळव्यानं पान उलटलं आणि म्हणाला, "आता अव्वा, तुमची का बंद झाली ते तुमच्या तोंडानं सांगा."

मी तयारीत होते. एक पान टाइप करून आणलं होतं, परिच्छेद पाडून. ते पुढे केलं.

"कागद नको. तोंडानं."

मग मी सांगितलं. टाइप केलेल्या पानात 'परिस्थिती' असा शब्द तीनदा होता. बोलताना तो एकदाही आठवला नाही. सांगून झालं. वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"आन् मी एवढी वरसं त्या म्हाताऱ्याला शिव्या देत हुते," अक्का म्हणाल्या, "घर सापडलं न्हाई तर काय्बाय लिवून गेला म्हनून." मग त्यांनी विचारलं, "काय केलं हुतंस म्हन्लीस?"

"सँडविच."

"म्हंजी काय?"

"पावात काकडी घालायची."

"पावात काकडी?"

"हो."

"आन् त्याच्यासाठी?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एकतीस वर्षांची नोकरी त्या सतरंजीवर खलास झाली. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

हेळवी म्हणाला, "आज्जा बिदरहून चालत आला होता. बैलाचा पाय दुखत होता म्हणून तो बैलावर बसला नव्हता. घरी येऊन म्हणाला, आत लेकरू होतं, मी आवाज ऐकला. पण तीन बारी नाही म्हटलं की लिवावं लागतं." त्यानं वही माझ्याकडे फिरवली. आजोबांचं नाव होतं, त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ, आणि त्या ओळीखाली चार बोटं जागा कोरी. बाकी सगळं पान वरपासून खालपर्यंत गच्च भरलेलं होतं.

"इथं का रिकामं सोडलं?"

"आज्जानं सोडलं."

त्यानंतर मला थोडा वेळ वही दिसली नाही. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, असं मी आपांना सांगितलं.

त्यानं पेन उघडलं. मी विचारलं, "'गैरसमजाने' असा शब्द घालता येईल का?"

"गैरसमज होता का, अव्वा?"

"नाही."

"मग?"

त्यानं लिहिलं आणि चालीवर वाचून दाखवलं: सून तीन बारी नाही म्हणाली. सुनेनेच सांगितले. उघडली. त्याखाली तुमच्या बाबांचं नाव चढवलं, त्याखाली धाकट्याचं. मी म्हटलं, थोरली थोरली आहे, तिचं आधी यायला हवं. मुलींची नावं घालता की नाही?

"आता घालतो अव्वा. नाही घातली तर पोरींच्या आया दारातून उठवतात." हे बोलून गेल्यावर त्याला कळलं तो कुणाच्या दारात बसला आहे. पण अक्का आधीच हसल्या होत्या. त्यानं थोरलीचं नाव धाकट्याच्या वरच्या ओळीत नीट बसवलं. मी त्याला ज्वारी दिली, नारळ दिला आणि घोंगडी दिली. घोंगडीवरची चिठ्ठी काढायला मी विसरले. त्यानं ती तशीच पाठीमागे बांधली आणि गेला.

वर आल्यावर मी आजोबांच्या सातव्या प्रश्नाखालच्या कोऱ्या ओळीत 'हो' लिहिलं आणि तारीख घातली. दोन ओळी लागल्या नाहीत.

एवढंच सांगायचं होतं. विहीर बुजली. दोन चिंचांपैकी एक अजून उभी आहे आणि अक्का म्हणतात तिला चिंचा लागतात. जात्याचा वरचा दगड अक्कांच्या न्हाणीसमोर पायरी म्हणून आहे. सात प्रश्नांचा कागद निळ्या फायलीत आहे. वहीत तुमची दोघांची नावं आहेत आणि त्यांच्या वर माझी ती ओळ आहे.